डॉ. कॅनर आणि आईबापांचा ‘अपराध’

ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेले आणि १९२४ साली अमेरिकेत गेलेले डॉ. लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. ती जन्मजात आहे, असे त्यांनी तेव्हा म्हटले होते. त्या ११ जणांतील पहिला मुलगा मिसिसिपीतील एका शेतकरी दांपत्याकडे राहत असे. त्याला मोजण्याचे विलक्षण वेड. दांपत्याने त्याला विहीर खणून तिची खोली मोजायला, नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला लावले. १९४५ मध्ये तेथे गेलेले कॅनर थक्क झाले. घरची रीत बदलली की वागणूक बदलते, याचा याहून बोलका दाखला कोणता? तरीही १९४९ मध्ये त्यांनी आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवले. आणि १९४१ मध्ये मातांची कैफियत मांडणारे पुस्तकही त्यांचेच! १९६९ साली पालकांच्या सभेत त्यांनी आईबापांना दोषमुक्त ठरविले. तोवर कित्येक मातांची वीस वर्षे स्वतःला अपराधी मानण्यात गेली होती.