सरन्यायाधीश जॉन मार्शल

कायदा मोडणाऱ्यास न्यायालय शिक्षा करते, हे आपण सर्व जाणतो. परंतु कायदे करणारे विधिमंडळच आपली मर्यादा ओलांडू लागले, तर त्यास कोणी आवरावे? राष्ट्राच्या अध्यक्षानेच एखाद्या सामान्य नागरिकाचा हक्क नाकारला, तर त्या नागरिकाने दाद कोठे मागावी? सर्वोच्च न्यायालयाकडे, असे आपण आज चटकन सांगू. दोनशे वर्षांपूर्वी मात्र हे उत्तर इतके सोपे नव्हते. अमेरिकेत ते ज्यांनी आपल्या बुद्धीने व धैर्याने रूढ केले, ते सरन्यायाधीश जॉन मार्शल होत.

जॉनचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनिया प्रांतातील जर्मनटाउन या खेड्याजवळ, ओंडक्यांनी बांधलेल्या एका लहानशा घरात झाला. त्या वेळी हा प्रदेश इंग्रजांची वसाहत होता. सभोवती अरण्य आणि वस्ती विरळ. पंधरा भावंडांत जॉन सर्वांत वडील. त्याचे वडील थॉमस मार्शल जमिनीच्या मोजणीचे काम करीत. पुढे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झालेले जॉर्ज वॉशिंग्टन त्यांचे स्नेही होते.

जवळपास शाळा नसल्यामुळे वडील हेच जॉनचे पहिले गुरू झाले. तो एक वर्ष दूरच्या शाळेत राहिला आणि एक वर्ष घरी राहावयास आलेल्या एका धर्मोपदेशकाजवळ शिकला. एवढेच त्याचे शालेय शिक्षण! परंतु वाचनाची गोडी त्याला लहानपणीच लागली. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने पोप नावाच्या इंग्रज कवीच्या पुष्कळशा कविता स्वतःच्या हाताने उतरून काढल्या होत्या. ब्लॅकस्टन या पंडिताचा इंग्रजी कायद्यावरील ग्रंथ वडिलांनी विकत घेतला, तेव्हा तोही जॉनच्या हाती पडला. शब्दांचा अर्थ नेमका लावण्याची सवय त्याला अशी लागली.

१७७५ मध्ये वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. विशीच्या उंबरठ्यावर असलेला जॉन वडिलांबरोबर सैन्यात दाखल झाला. १७७७-७८ चा कडाक्याचा हिवाळा त्याने व्हॅली फोर्ज येथील छावणीत काढला. तेथे सैनिकांना पोटभर अन्न नव्हते, पुरेसे कपडे नव्हते. कित्येकांच्या पायांत पादत्राणेही नव्हती. तेरा राज्ये आपापल्यापुरते पाहत होती आणि त्या सर्वांच्या मध्यवर्ती सभेला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. मग सैन्याचे पोषण व्हावे कसे? राज्याराज्यांतून आलेल्या सैनिकांबरोबर उपासमार सोसताना जॉनला एक गोष्ट मनोमन पटली. राष्ट्र टिकावयाचे असेल, तर साऱ्या राज्यांना बांधणारा एक कायदा हवा आणि तो सर्वांनी मानला पाहिजे.

युद्ध चालू असतानाच, १७८० मध्ये, त्याने विल्यम्सबर्ग येथील महाविद्यालयात काही काळ कायद्याची व्याख्याने ऐकली आणि वकिलीची सनद मिळविली. १७८३ मध्ये मेरी अँब्लर यांच्याशी त्याचा विवाह झाला. रिचमंड शहरातील नामांकित वकिलांत लवकरच मार्शल यांची गणना होऊ लागली.

१७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. ती स्वीकारावी किंवा नाही, हे ठरविण्यासाठी पुढील वर्षी रिचमंड येथे व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींची सभा भरली. मोठमोठ्या वक्त्यांनी घटनेस विरोध केला. मार्शल यांनी मात्र तिची बाजू घेतली आणि स्वतंत्र न्यायालयांची आवश्यकता विशेषेकरून पटवून दिली. अखेर ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना मान्य झाली.

एवढा मानमरातब मिळूनही मार्शल यांची राहणी अगदी साधी होती. बाजारहाट ते स्वतःच करीत. त्यांच्याविषयी रिचमंडमध्ये एक गोष्ट सांगतात. गावात नव्यानेच आलेल्या एका तरुणाने बाजारात टर्की पक्षी विकत घेतला. पण तो हातात धरून रस्त्याने जाणे त्याला कमीपणाचे वाटले. जवळच उभ्या असलेल्या साध्या वेषातील गृहस्थास हमाल समजून त्याने ते ओझे घरी पोहोचविण्यास सांगितले. त्या गृहस्थाने ते निमूटपणे पोहोचविले. तो हमाल म्हणजे राष्ट्राचा सरन्यायाधीश होता, हे तरुणास मागाहून कळले!

सरन्यायाधीशाचे हे पद मार्शल यांच्याकडे १८०१ मध्ये आले. त्यापूर्वी अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी ते जॉन जे यांना देऊ केले होते. जे हे या न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश. परंतु न्यायालयास वजन नाही, प्रतिष्ठा नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. खरोखरच त्या काळी न्यायालयाची स्थिती केविलवाणी होती. वॉशिंग्टन ही राजधानी नव्याने उभी राहत होती. तेथे अध्यक्षांसाठी भवन होते, विधिमंडळासाठी भवन होते. सर्वोच्च न्यायालयासाठी मात्र कोणी जागाच योजली नव्हती. विधिमंडळाच्या इमारतीतील तळमजल्यावरच्या एका खोलीत सहा न्यायाधीश आपले काम करीत.

मार्शल यांनी प्रथम न्यायालयाची रीत बदलली. तोपर्यंत एकाच खटल्यात प्रत्येक न्यायाधीश आपापले मत वेगवेगळे वाचून दाखवीत असे. त्यामुळे न्यायालयाचे म्हणणे नेमके काय, हे लोकांस कळत नसे. आता न्यायाधीश दोन्ही पक्षांचे युक्तिवाद ऐकत, एकांतात बसून विचारविनिमय करीत आणि बहुमताने ठरलेला निर्णय त्यांच्यापैकी एकजण कारणांसह लिही. न्यायालयाचा निकाल म्हणून तो उघड न्यायालयात वाचला जाई. राजधानीत असताना न्यायाधीश एकाच खाणावळीत उतरत. त्यामुळे जेवतानाही कायद्याची चर्चा चाले. बहुतेक महत्त्वाचे निकाल मार्शल स्वतः लिहीत.

थोड्याच काळात न्यायालयाच्या कसोटीचा प्रसंग आला. मार्च १८०१ मध्ये अ‍ॅडम्स यांची अध्यक्षपदाची मुदत संपली. जाता जाता त्यांनी किरकोळ तंट्यांचा निवाडा करणारे अनेक न्यायाधिकारी नेमले. विल्यम मार्बरी हे त्यांपैकी एक. नेमणूकपत्रांवर अध्यक्षांची सही झाली, सरकारी शिक्काही उमटला. परंतु घाईगर्दीत काही पत्रे पोहोचवावयाची राहून गेली. नवे अध्यक्ष टॉमस जेफरसन हे विरुद्ध पक्षाचे. त्यांनी ती पत्रे देऊ नयेत असे ठरविले. तेव्हा परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना आपले पत्र देण्याचा हुकूम करावा, अशी मागणी घेऊन मार्बरी सरळ सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायालयापुढे मोठा पेच उभा राहिला. हुकूम करावा, तर जेफरसन यांचे सरकार तो धुडकावून लावणार आणि न्यायालय दुबळे असल्याचे जगास दिसणार. हुकूम करू नये, तर सत्तेस भिऊन न्यायालयाने मान तुकविली असे होणार.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शल यांनी निकाल वाचला. त्यांनी साऱ्या वादाचे तीन प्रश्न केले होते. मार्बरी यांना नेमणूकपत्राचा हक्क आहे काय? आहे, कारण सही व शिक्का होताच नेमणूक पुरी झाली. हक्क डावलला गेल्यास कायद्यात त्यावर उपाय आहे काय? आहे, कारण कायद्याच्या राज्यात मंत्रीही कायद्याच्या वर नसतो. मग तो उपाय या न्यायालयाने सरळ द्यावा काय? तिसऱ्या प्रश्नापाशी मार्शल थबकले. कोणते खटले थेट सर्वोच्च न्यायालयात सुरू व्हावेत आणि कोणते खालच्या न्यायालयांतून यावेत, हे राज्यघटनेने ठरवून दिले होते. मार्बरी यांचा खटला थेट येणाऱ्यांपैकी नव्हता. विधिमंडळाने १७८९ साली केलेल्या कायद्याने मात्र असे हुकूम देण्याची सत्ता न्यायालयास दिली होती. म्हणजे घटना एक सांगते आणि कायदा दुसरेच. मग पाळावे कोणते?

मार्शल यांनी उत्तर दिले ते असे. घटना ही जनतेने केलेला मूळ कायदा आहे. विधिमंडळास अधिकार मिळतात ते तिच्याकडूनच. साध्या कायद्याने ती बदलता येत असेल, तर तिने घालून दिलेल्या मर्यादा कागदावरच राहतील. कायद्याचा अर्थ सांगणे हे न्यायालयाचे काम आहे आणि न्यायाधीशांनी घटना पाळण्याची शपथ घेतलेली आहे. म्हणून घटनेच्या विरुद्ध असलेला कायदा हा कायदाच नव्हे. मार्बरी यांची मागणी न्यायालयास मान्य करता येत नाही.

मार्बरी यांना पद मिळाले नाही. जेफरसन यांना मोडता येईल असा हुकूमच निघाला नव्हता. न्यायालयाने विधिमंडळाने दिलेली एक लहानशी सत्ता स्वतःहून नाकारली आणि कायदा घटनेच्या कसोटीवर पारखण्याची फार मोठी जबाबदारी पत्करली. मात्र एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्या परराष्ट्रमंत्र्याच्या हातून ती पत्रे पोहोचवावयाची राहिली, ते स्वतः मार्शलच होते. त्या दिवसांत ते दोन्ही पदे सांभाळीत होते. आजच्या रीतीप्रमाणे अशा न्यायाधीशाने त्या खटल्यापासून दूर राहणेच योग्य ठरले असते.

हाती आलेली सत्ता मार्शल यांनी जपून वापरली. पुढील बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या न्यायालयाने विधिमंडळाचा दुसरा एकही कायदा रद्द ठरविला नाही. १८१९ मध्ये तर त्यांनी विधिमंडळाचीच बाजू उचलून धरली. राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर येथील शाखेवर मेरीलँड राज्याने कर बसविला आणि बँकेचे रोखपाल मॅककुलक यांनी तो देण्याचे नाकारले. घटनेत बँकेचे नावही नाही, असे राज्याचे म्हणणे. नऊ दिवस युक्तिवाद चालले. घटनेने राष्ट्रावर मोठी कामे सोपविली आहेत, तेव्हा ती पार पाडण्याची योग्य साधनेही तिने दिलीच आहेत, असा न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. एका राज्याने साऱ्या राष्ट्राच्या संस्थेवर कर लादून तिचा नाश करावा, हेही त्यास मान्य झाले नाही. व्हॅली फोर्ज येथे उपाशी राहिलेल्या तरुणास पटलेली गोष्ट आता कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

न्यायालयाच्या सत्तेस मर्यादा आहे, हेही मार्शल यांना पाहावे लागले. जॉर्जिया राज्याने चेरोकी या मूळ रहिवाशांच्या भूमीवर आपले कायदे लादले. परवान्यावाचून तेथे राहिल्याबद्दल सॅम्युअल वूस्टर या धर्मोपदेशकास चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा दिली. चेरोकी हे स्वतंत्र राष्ट्र असून त्यांच्या भूमीत जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल मार्शल यांनी १८३२ मध्ये दिला. परंतु राज्याने तो मानला नाही आणि अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीही त्याच्या पाठीशी सरकारचे बळ उभे केले नाही. पुढे १८३८ मध्ये चेरोकींना त्यांच्या भूमीतून सक्तीने हाकलण्यात आले. त्या प्रवासात हजारो माणसे मरण पावली. न्यायालयाजवळ सैन्य नसते, खजिनाही नसतो. सरकार व जनता यांनी मान दिला, तरच त्याचा निकाल खरा होतो. तथापि तो निकाल वाया गेला नाही. मूळ रहिवाशांच्या हक्कांचा प्रश्न निघाला की तेथील न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

मार्शल यांच्या जीवनात एक मोठे वैगुण्यही होते. इतरांना न्याय देणारे मार्शल स्वतः अनेक गुलामांचे मालक होते आणि त्यांच्या न्यायालयाकडून गुलामांना न्याय असा फारसा मिळाला नाही. थोर पुरुषांचे गुण सांगताना त्यांचे दोष झाकू नयेत.

१८३१ च्या नाताळात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फिया येथे मार्शल यांनी देह ठेवला. ते चौतीस वर्षे सरन्यायाधीश होते आणि त्या काळात त्यांनी पाचशेहून अधिक निकाल लिहिले. सर्वोच्च न्यायालयास स्वतःची इमारत मिळाली, ती त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, १९३५ मध्ये. परंतु न्यायालयाची प्रतिष्ठा तळमजल्यावरच्या त्या खोलीतच निर्माण झाली होती.

आपल्या भारताचे सर्वोच्च न्यायालयही २८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, तेव्हा संसद भवनातील एका दालनात भरत असे. स्वतःच्या वास्तूत ते १९५८ मध्ये गेले. मार्शल यांना जे तर्काने सिद्ध करावे लागले, ते आपल्या घटनाकारांनी स्पष्ट लिहूनच ठेवले. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल आहे, असे आपल्या घटनेचे तेरावे कलम सांगते. आणि त्या हक्कांसाठी सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची वाट बत्तिसाव्या कलमाने प्रत्येकास मोकळी केली आहे. ही वाट मोकळी राहणे जसे न्यायाधीशांच्या निःस्पृहतेवर अवलंबून आहे, तसेच ते न्यायालयाचा निकाल आपल्या मनाविरुद्ध गेला तरी तो मानणाऱ्या नागरिकांवरही अवलंबून आहे.