फ्रान्सिस ओ'नील

फ्रान्सिस ओ'नील (२८ ऑगस्ट १८४८ – जानेवारी १९३६) हे आयरिश-अमेरिकन पोलीस अधिकारी आणि आयरिश लोकसंगीताचे संग्राहक होते. १९०१ ते १९०५ या काळात ते शिकागोचे पोलीसप्रमुख होते. पारंपरिक आयरिश नृत्यधुना शिकणारे फिडलवादक आजही त्यांचे संग्रह आधारग्रंथ म्हणून वापरतात.

जीवन

ओ'नील यांचा जन्म आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेन येथे, भीषण दुष्काळाच्या काळात झाला. लहानपणी घरी व परिसरात ऐकलेल्या धुना त्यांच्या कायमच्या लक्षात राहिल्या. ते बासरी वाजवत. सोळाव्या वर्षी घर सोडून ते व्यापारी जहाजावर रुजू झाले. प्रशांत महासागरात त्यांचे एक जहाज फुटले, तेव्हा ते सहकाऱ्यांसह बेकर बेटावर अडकले होते. पुढे त्यांनी अमेरिकेतील मिसूरी राज्यात काही काळ शिक्षकाची नोकरी केली. १८७० मध्ये अ‍ॅना रॉजर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८७३ मध्ये ते शिकागो पोलीस दलात भरती झाले. त्यानंतर लवकरच एका चोराने झाडलेली गोळी त्यांना लागली. ती अखेरपर्यंत त्यांच्या शरीरातच राहिली.

संगीतसंग्रह

दुष्काळ व स्थलांतर यांमुळे आयर्लंडमधील अनेक वादक परदेशी गेले. त्यांच्या धुना बहुतांशी कानानेच शिकल्या जात असल्याने वादकाबरोबर धूनही नाहीशी होण्याचा धोका होता. शिकागोत मात्र आयर्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतील वादक एकत्र आले होते. त्यांच्याकडून ओ'नील धुना ऐकून घेत. त्यांना स्वतःला स्वरलेखन येत नव्हते. त्यामुळे ते पाठ असलेली धून वाजवून वा गुणगुणून दाखवत आणि व्हायोलिनवादक जेम्स ओ'नील ती कागदावर उतरवत. पोलीस दलातच असलेल्या जेम्स यांचे आडनाव सारखे असले, तरी ते त्यांचे नातलग नव्हते. मेणाच्या नळकांड्यांवरील ध्वनिमुद्रणाचाही ओ'नील यांनी उपयोग केला.

ग्रंथ

१९०३ मध्ये 'म्युझिक ऑफ आयर्लंड' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील १,८५० रचनांमध्ये ६२५ गीतधुना, कॅरोलन या वीणावादकाच्या ७५ रचना, १,१०० नृत्यधुना आणि ५० कूचधुना व इतर रचना आहेत. १९०७ मधील 'द डान्स म्युझिक ऑफ आयर्लंड' या ग्रंथात १,००१ नृत्यधुना असून त्यांची मांडणी जिग, रील, हॉर्नपाइप अशा प्रकारांनुसार आहे. १९१० मध्ये त्यांनी संग्रहकार्याच्या आठवणी, तर १९१३ मध्ये आयरिश वादकांची चरित्रे प्रसिद्ध केली.

मूल्यमापन व वारसा

एकच धून वेगवेगळ्या नावांनी पुन्हा येणे आणि मूळच्या आयरिश नसलेल्या काही धुनांचा समावेश, हे या संग्रहांतील दोष अभ्यासकांनी दाखवले आहेत. शिवाय छापील स्वरलिपीत धुनेचा सांगाडाच मिळतो. गज फिरवण्याची पद्धत, स्वरांचे अलंकरण आणि नृत्याची लय विद्यार्थ्याला प्रत्यक्ष वादन किंवा ध्वनिमुद्रण ऐकूनच आत्मसात करावी लागते. तरीही १९०७ चा ग्रंथ वादकांमध्ये इतका रूढ झाला की, त्याला नुसते 'पुस्तक' म्हटले जाऊ लागले.

१९३१ मध्ये ओ'नील यांनी आपला ग्रंथसंग्रह नोत्र दाम विद्यापीठाला दिला. १९३६ मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले. जन्मगावी त्यांचा पुतळा उभारण्यात आला आहे.