उजेड आपला, फिल्म परकी

वऱ्हाडातला कापूस परदेशी जाई आणि कापड होऊन परत येई. हा व्यवहार अमरावती-अकोल्याच्या वाचकास समजावून सांगावा लागत नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले, तर चित्रपटमहर्षींच्या मागे उभा असलेला कारागीर-उद्योजक दिसू लागतो.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. छायाचित्रणात चांदीच्या क्षारावर प्रकाश पडताच चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. ही अदृश्य प्रतिमा रसायनात धुतल्यावर प्रकट होते. ठसे बनविण्याच्या धंद्यात क्रोमियमचा क्षार मिसळलेले जिलेटिन वापरीत. उजेड लागलेला भाग घट्ट होई, उरलेला पाण्याने धुऊन जाई. धातूचा क्षार, सेंद्रिय पदार्थ आणि प्रकाश यांची ही प्रक्रिया हीच फाळक्यांची उपजीविका होती. लोणावळ्यास त्यांनी छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईसाठी जर्मनीची वाट धरली.

१९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकला. फिल्मला भोके पाडणे, रात्री ती धुणे ही कामे दादरच्या घरी सरस्वतीबाई करीत. ऊन इथले, कष्ट इथले, कथा इथली. परंतु ज्या फितीवर प्रकाशाने काम करावयाचे, ती मात्र परदेशाहून येई. त्या फितीचे सेल्युलॉइडही कापसाच्या तंतुद्रव्यापासूनच बनत असे, हा योगायोग वऱ्हाडाने ध्यानात घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची आयात आटली, तेव्हा सरकारने चित्रपटांच्या लांबीवरच मर्यादा घातली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकला विपन्नावस्थेत निवर्तले. त्यांनी उभारलेला धंदा फोफावला होता, पण त्याचा कच्चा माल परस्वाधीनच होता. उटकमंडचा सरकारी फिल्म कारखाना स्थापन झाला तो १९६० साली. पुढे डिजिटल तंत्राने फिल्मच मागे पडली आणि तो कारखानाही राहिला नाही.

आज संगणकाची चिप घडविण्याची विद्याही प्रकाशाने बदलणाऱ्या लेपावरच उभी आहे. ठसे बनविणाऱ्यांच्या त्या जुन्या युक्तीचीच ती प्रगत वंशज होय. चिपचे कारखाने उभारताना तो लेप कोण बनविणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. फाळक्यांच्या नावे १९६९ पासून पुरस्कार दिला जातो. त्यांच्या जीवनाचा हा धडा मात्र अजून गिरवावयाचा राहिला आहे.