शाळामास्तर गिचिन फुनाकोशी

आमच्या शाळेत कराटेचा वर्ग भरतो, त्यामुळे गिचिन फुनाकोशी हे नाव बऱ्याच विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेले आहे. आधुनिक कराटेचे जनक म्हणून त्यांना सारे जग ओळखते. परंतु हे गृहस्थ पेशाने प्राथमिक शाळेचे मास्तर होते आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुलांना शिकविण्याचेच काम केले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हा शिक्षकमंडळींना त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो विशेषतः त्यामुळे.

फुनाकोशींचा जन्म १० नोव्हेंबर १८६८ रोजी ओकिनावा बेटावरील शुरी येथे झाला. शुरी ही र्‍युक्यू राज्याची जुनी राजधानी. पुढे १८७९ साली जपानने हे राज्य खालसा केले. वेळेआधी जन्मलेले हे मूल इतके अशक्त होते की ते जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. बालपण आजोळी गेले. मोठेपणी डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती व प्रवेशपरीक्षाही ते उत्तीर्ण झाले. पण नव्या राजवटीत डोक्यावर जुन्या पद्धतीचा बुचडा ठेवणाऱ्यास प्रवेश नव्हता आणि बुचडा कापणे हा त्यांच्या घराण्यात मोठा अपमान समजला जाई. डॉक्टरी राहिली. पुढे १८८८ साली सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा मात्र त्यांनी बुचडा कापला. आईवडील अतिशय संतापले, असे सांगतात.

ते कराटेकडे वळले ते प्रकृतीमुळे. त्यांच्या वर्गमित्राचे वडील आझातो आंको हे या विद्येचे नामांकित जाणकार होते. त्या काळी कराटे चोरून शिकविले जाई. पाटी नाही, वर्ग नाही, पुस्तक तर नाहीच. दिवसा शाळा आटोपून फुनाकोशी रात्री मिणमिणता कंदील घेऊन आझातोंच्या घरी जात व पहाटे परतत. रोज रात्री हा तरुण मास्तर जातो तरी कुठे, याविषयी शेजारीपाजारी भलतेसलते बोलू लागले होते. तिकडे अंगणात काय चालत असे? गुरुजी ओसरीवर ताठ बसलेले, शेजारी दिवा, आणि समोर शिष्य एकच काता पुनःपुन्हा करतो आहे. चुकले तर पुन्हा कर, बरोबर आले तरी आणखी कर. शाबासकी क्वचितच. पहिला काता अंगवळणी पडल्याशिवाय दुसऱ्याचे नाव काढायचे नाही. दुसरे गुरू इतोसू आंको यांच्याकडे तेक्की नावाचे तीन काता शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करावयाच्या चालींची साखळी. समोर कोणी नसते. चारी बाजूंनी शत्रू येत आहेत असे समजून अडवायचे, वळायचे, ठोसा मारायचा. हेइआन मालिकेतील पहिल्या कात्यात अशा २१ चाली आहेत. तेक्कीत तर घोड्यावर मांड ठोकल्यासारखे उभे राहून एका सरळ रेषेत नुसते डावी-उजवीकडे सरकायचे असते. पाहणाऱ्याला पाच मिनिटांत कंटाळा येतो. पण लिहून ठेवण्याची सोय नसलेल्या विद्येत काता हेच पुस्तक होते. कोणता वार कसा अडवावा, वजन कोणत्या पायावर असावे, श्वास केव्हा सोडावा, हे सारे त्यात साठविलेले असे. ते शिष्याच्या अंगात उतरले तर विद्या पुढे जाई, नाहीतर गुरूबरोबर संपे.

हे एवढ्या विस्ताराने लिहिण्यास कारण आहे. पालक सभेत आम्हाला दरवेळी एक प्रश्न विचारला जातो की मुले वर्षभर तेच ते हातवारे करीत आहेत, त्यांना खरी लढत केव्हा शिकविणार आणि पुढचा पट्टा केव्हा मिळणार? प्रश्न चूक नाही. फी भरणाऱ्याला प्रगती दिसावयास हवी. परंतु ज्या ग्वाल्हेरात एकेका पलट्यावर महिनेच्या महिने घासून गवई तयार झाले, तिथल्या पालकांनी तरी हा प्रश्न जरा दमाने विचारावा असे आम्हाला वाटते. आणि पट्ट्यांविषयी सांगायचे तर फुनाकोशी शिकत होते तेव्हा कराटेत पट्टेच नव्हते. ते ज्यूदोवरून घेतले गेले. फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसूंच्या खटपटीने कराटे ओकिनावातील शाळांत शिरले. लहान मुलांना जुने लांबलचक काता झेपणार नाहीत हे ओळखून इतोसूंनी पाच सोपे काता रचले. हेच पुढे हेइआन या नावाने प्रसिद्ध झाले. पाठ्यक्रम रचणे म्हणजे काय, हे इथे पाहावे! त्या सुमारास फुनाकोशींना दूरच्या बेटांवर बढतीची जागा मिळत होती. ती त्यांनी नाकारली, कारण गेले असते तर गुरूंकडचा अभ्यास तुटला असता.

मे १९२२ मध्ये टोकियोत शिक्षण मंत्रालयाच्या वतीने क्रीडा प्रदर्शन भरले. ओकिनावाच्या वतीने फुनाकोशी तेथे गेले, ते थोड्या दिवसांसाठी. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत बोलावून काता करून दाखविण्यास सांगितले. कानो स्वतः शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले, म्हणजे तेही आपल्याच बिरादरीतले. त्यानंतर फुनाकोशींचे परत जाणे लांबत गेले ते कायमचेच. पत्नी पूर्वजांच्या पूजेअर्चेसाठी ओकिनावातच राहिली.

टोकियोतले दिवस हलाखीचे होते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक लहानशी खोली मिळाली. तिच्या मोबदल्यात पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ आवार झाडीत, बाग पाहत, रात्रीचा पहारा करीत. एकदा तर टोपी आणि किमोनो गहाण टाकण्याची पाळी आली. एके दिवशी वर्तमानपत्राचा माणूस भेटीस आला आणि अंगण झाडणाऱ्यालाच त्याने फुनाकोशी कुठे आहेत म्हणून विचारले. त्यांनी त्याला बसवून ठेवले, आत जाऊन कपडे बदलले आणि बाहेर येऊन आपणच ते, असे सांगितले. पाहुण्याचा चेहरा काय झाला असेल याची कल्पना विद्यार्थ्यांनी करावी.

१९२४ साली केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ निघाले, मागोमाग इतर विद्यापीठांतही निघाली. पण तरुण रक्ताला नुसत्या कात्यांनी समाधान होईना. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील मुलांनी अंगावर संरक्षक साधने चढवून आपसांत मोकळ्या लढती सुरू केल्या. फुनाकोशींना हे मुळीच रुचले नाही व त्यांनी तेथील शिकविणे सोडले. ठरवून केलेल्या लढतीचे सराव ते शिकवीत, परंतु हारजितीची स्पर्धा त्यांना नको होती. आमचे मत विचाराल तर यात मुलांचेही थोडे बरोबर होते. समोर खरा माणूस उभा राहिला की पाय कापतात, ते एकट्याने काता करून कळत नाही. मात्र ज्यांचा काता पक्का नव्हता अशांनी लढतीची घाई केली, हे दुखणे म्हाताऱ्याने अचूक ओळखले होते.

१९३५ साली त्यांचा कराटेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शोतो हे त्यांचे कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. त्यावरून शिष्यांनी त्यांच्यासाठी बांधलेल्या शाळेला शोतोकान हे नाव मिळाले. १९४५ साल मात्र अत्यंत क्रूर ठरले. बॉम्बहल्ल्यात शोतोकान बेचिराख झाले, त्याच वर्षी कराटेचा वारसा चालविणारा मुलगा क्षयाने गेला, आणि ओकिनावा युद्धात होरपळले. तिथून वाचून आलेल्या पत्नीचा सहवास त्यांना दोनच वर्षे लाभला. १९४७ साली तिचे निधन झाले. त्यानंतरही फुनाकोशी टोकियोस परतून शिकवीत राहिले.

२६ एप्रिल १९५७ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली, तिच्यात लढती होत्या आणि काताही होता. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये कराटेला स्थान मिळाले, तेव्हाही लढतींबरोबर कात्याची स्वतंत्र स्पर्धा ठेवली होती. पुरुषांचे सुवर्णपदक र्‍यो कियुना यांनी जिंकले. ते ओकिनावाचे. अंतिम फेरीत ते चटईवर एकटेच उभे होते, समोर कोणी नव्हते.