आंग सान : ब्रह्मदेश जोडू पाहणारा सेनापती



लोकमान्य टिळकांचा पाठ शिकवताना मंडालेचं नाव येतं. रत्नागिरीला सहल गेली की थिबा राजाची गोष्ट निघते. पण त्या ब्रह्मदेशात पुढे काय झालं, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. म्हणून आज आंग सान यांची ओळख करून घेऊ या.

जन्म व शिक्षण

आंग सान यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१५ रोजी नाटमाउक या लहान गावी झाला. रंगून विद्यापीठात ते विद्यार्थ्यांच्या मासिकाचे संपादक होते. एका लेखाच्या लेखकाचं नाव सांगायला त्यांनी नकार दिला म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं, आणि त्यातून १९३६ चा मोठा संप पेटला. १९४० मध्ये ते आपल्याकडे रामगढच्या काँग्रेस अधिवेशनालाही आले होते.

युद्ध आणि जखमा

इंग्रजांना घालवायचं म्हणून त्यांनी जपानची मदत घेतली आणि १९४१ च्या अखेरीस सैन्य उभारलं. १९४२ मध्ये इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात याच सैन्यातल्या लोकांनी करेन जमातीच्या अनेक निरपराध माणसांना मारलं. करेन लोक इंग्रजांच्या बाजूचे, असा त्यांच्यावर संशय होता. त्याच वर्षी आंग सान यांनी स्वतःच्या हाताने एका गावप्रमुखाला ठार केलं. पुढे त्याबद्दल आरोप झाला, तेव्हा त्यांनी ते नाकारलं नाही. थोर माणसाची ही बाजूसुद्धा मुलांपासून लपवू नये, असं मला वाटतं.

झाल्या प्रकाराने तुटलेली मनं सांधायला ते स्वतः करेन पुढाऱ्यांना भेटले. करेन सैनिकांची तुकडी सैन्यात घेतली. २७ मार्च १९४५ ला हे सैन्य जपान्यांवरच उलटलं.

पांगलाँगचा करार

जानेवारी १९४७ मध्ये लंडनला पंतप्रधान ॲटली यांच्याशी स्वातंत्र्याचा करार झाला. पण डोंगराळ भागातल्या लोकांना बहुसंख्य बर्मी लोकांच्या राज्याची धास्ती होती. आंग सान यांनी त्यांना राजधानीत बोलावून हुकूम सोडला नाही. ते स्वतः शान प्रदेशातल्या पांगलाँग गावी गेले. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी शान, काचिन आणि चिन नेत्यांबरोबर करार झाला. आपला अंतर्गत कारभार त्यांनी स्वतः पाहावा, हे तत्त्व त्यात मान्य झालं.

एक मोठी उणीव मात्र राहिली. करेन प्रतिनिधी तिथे फक्त निरीक्षक म्हणून होते. एप्रिलच्या निवडणुकीवर त्यांच्या मुख्य संघटनेने बहिष्कारच टाकला.

अखेर

१९ जुलै १९४७ च्या सकाळी रंगूनच्या सचिवालयात मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. बंदूकधारी आत घुसले. आंग सान आणि त्यांचे सहा सहकारी मारले गेले. त्यांत एक करेन होते, एक शान होते, एक मुसलमान होते. आंग सान अवघे ३२ वर्षांचे होते. धाकटी मुलगी स्यू की दोन वर्षांची होती. कटाबद्दल माजी पंतप्रधान ऊ सॉ यांना पुढे फाशी झाली.

नव्या राज्यघटनेत शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनी बाहेर पडण्याचा हक्क ठेवला होता. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला, पण साधारण वर्षभरानंतर करेन बंड पेटलं. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि ती घटनाच बाजूला सारली. तिथला संघर्ष आजही मिटलेला नाही.

वर्गात हे सांगून झालं की मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा. भांडण मिटवायला आधी कोणी जायचं, ज्याचा गट मोठा त्याने की ज्याचा लहान त्याने? आणि समेट होताना कोण बाहेर राहिलं, हे कोणी पाहायचं? उत्तरं देताना मुलं ब्रह्मदेशाबरोबर आपल्या वर्गाबद्दलही बोलू लागतील. त्यांना बोलू द्या.