हेलन केलर आणि तिच्या बाई

मी आज तुम्हाला हेलन केलरची खरी गोष्ट सांगणार आहे.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कंबिया या गावी झाला. ती एकोणीस महिन्यांची असताना तिला मोठे दुखणे आले. ताप उतरला, पण दिसायचे आणि ऐकू यायचे बंद झाले. ऐकू येत नाही म्हणून बोलताही येईना. पाव हवा असला की ती पाव कापून लोणी लावल्यासारखे हात करी. मनातले दुसऱ्याला कळले नाही की लाथा झाडायची, किंचाळायची. एकदा तर तिने आईला कोठीच्या खोलीत कोंडून घातले!

पण आईने आशा सोडली नाही. लॉरा ब्रिजमन नावाची अशीच आंधळी व बहिरी मुलगी शिकली, हे तिने पुस्तकात वाचले होते. १८८६ साली वडील हेलनला घेऊन बाल्टिमोर शहरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळे बरे होणार नाहीत, पण मुलगी शिकू शकेल, असे त्यांनी सांगितले आणि ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठवले. टेलिफोनचा शोध लावणारे तेच हे बेल. ते बहिऱ्या मुलांसाठीही काम करीत. त्यांनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेला पत्र लिहायला सांगितले. लॉरा तिथेच शिकली होती. असे विचारत विचारत वडील बरोबर जागी पोचले.

३ मार्च १८८७ रोजी त्या शाळेतून ॲन सुलिव्हन बाई आल्या. त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. त्यांचे स्वतःचे डोळेही अधू होते. बाई हेलनच्या हातावर बोटांनी अक्षरे करीत. हेलन तशीच अक्षरे करी, पण त्यांचा अर्थ तिला समजेना. ५ एप्रिलला बाईंनी तिला पंपापाशी नेले. एका हातावर गार पाणी सोडले व दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द केला. हेलन एकदम थबकली. प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला कळले! मग ती हाताला लागेल त्या वस्तूचे नाव विचारू लागली.

पुढे ती रॅडक्लिफ कॉलेजात गेली. बाई शेजारी बसून सगळे हातावर सांगत. १९०४ साली ती पदवीधर झाली. तिने पुस्तके लिहिली, अंधांसाठी जन्मभर काम केले. १९५५ साली ती आपल्या भारतातही आली होती. १ जून १९६८ रोजी ती वारली.

ही गोष्ट मी का निवडली ते सांगते. तिसरीत मी फळ्यावरचे चुकीचे लिहायची. मुले मला ढ म्हणायची. मला वाटायचे, सगळ्यांनाच फळा असा पुसट दिसतो. गुरुजींनी मला पुढे बसवले आणि दादांना शाळेत बोलावले. दादांनी एक दिवस मजुरी बुडवून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. चष्मा लागला. येताना एस.टी.तून मी सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. दादा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

माझे दुखणे हेलनएवढे मोठे नव्हते. पण कुणीतरी विचारले म्हणूनच कळले. म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल अभ्यासात मागे पडले तर आधी रागावू नका. गुरुजींना विचारा, डॉक्टरांना दाखवा. आणि मुलांनो, कुणालाही ढ म्हणू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी