नोटेशनचे कागद हरवले, मग पोरानं वडिलांचं संगीत नुसतं ऐकून परत लिहून काढलं

ॲनिमे बघणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सिरीज संपून वर्षं होतात, गोष्ट अर्धी विसरायला होते, पण तिचं म्युझिक काही डोक्यातून जात नाही. आज लोक ॲनिमेचे साउंडट्रॅक मुद्दाम शोधून ऐकतात. एकेकाळी मात्र या संगीताला कुणी फारसं मोजत नव्हतं. लहान मुलांचं कार्टून, त्याचं टायटल साँग रेकॉर्डवर आलं म्हणजे झालं, असा कारभार होता.

हे चित्र बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते म्हणजे हिरोशी मियागावा.

त्यांचा जन्म १९३१ सालचा, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या रुमोई गावातला. पुढे ते जॅझ पियानो वाजवायला लागले आणि ‘सिक्स जोज’ या बँडमध्ये गेले. मग ‘द पीनट्स’ या जुळ्या बहिणींच्या जोडीला त्यांनी गाणी दिली. १९६३ चं ‘कोई नो व्हाकान्स’ तर इतकं गाजलं की सोव्हिएत युनियनमध्ये ते रशियन भाषेत गायलं गेलं.

थोडक्यात, माणूस पॉप गाण्यांचा. आणि त्यांच्याकडे काम आलं अंतराळातल्या युद्धनौकेचं.

१९७४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ टीव्हीवर आली. गोष्ट २१९९ सालची. परग्रहावरच्या शत्रूच्या बॉम्बमुळे पृथ्वी किरणोत्सर्गानं भरलीय, माणसाकडे एकच वर्ष उरलंय. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘यामातो’ जहाजाचं अंतराळयान होतं आणि ते १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षं लांब, किरणोत्सर्ग घालवणारं यंत्र आणायला निघतं.

टायटल साँग इसाओ सासाकींनी गायलं. तुताऱ्या आणि ढोल, एकदम लष्करी थाट. पण मियागावांची खरी कमाल वेगळ्याच जागी आहे. अथांग अंतराळ दाखवायला त्यांनी मोठा गाजावाजा केला नाही. काझुको कावाशिमा या गायिकेचा एकच आवाज घेतला, तोही शब्दांशिवाय. नुसता आलाप म्हणा ना. तो ऐकला की एवढ्या मोठ्या पोकळीत माणूस किती एकटा आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. गुणगुणता येईल अशी चाल आणि मागे भलामोठा ऑर्केस्ट्रा, हे गणित त्यांना पॉपमधल्या कामामुळे जमलं.

पण सिरीज आपटली. रविवारी संध्याकाळी त्याच वेळेला दुसऱ्या चॅनेलवर ‘हायडी’ लागायची आणि घरोघरी तीच बघितली जायची. ‘यामातो’ ठरल्यापेक्षा आधीच, २६ भागांत गुंडाळावी लागली.

पुढे पुनःप्रक्षेपणात तिला चाहते मिळाले. १९७७ च्या ऑगस्टमध्ये तेच भाग जोडून सिनेमा काढला, तर थिएटरबाहेर रांगा लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी मियागावांनी सिरीजचं संगीत मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नव्यानं बांधलं आणि ‘सिंफनिक सूट यामातो’ हा अल्बम आला. चित्र नाही, संवाद नाही, फक्त संगीत. तरीही लोकांनी तो उचलून धरला. मग इतर ॲनिमेंचेही असे अल्बम निघू लागले.

१९७८ च्या पुढच्या सिनेमात एक धडकी भरवणारा ऑर्गन ऐकू येतो. शत्रूच्या पांढऱ्या धूमकेतूची ती धून. वाजवणारा होता मियागावांचा शाळकरी मुलगा, अकिरा.

२१ मार्च २००६ ला मियागावा गेले. वय ७५.

काही वर्षांनी ‘यामातो २१९९’ या नावानं सिरीज नव्यानं करायचं ठरलं. संगीत जुनंच हवं होतं, पण मूळ नोटेशनचे कागद सापडेनात. तेव्हा संगीतकार झालेला अकिरा जुनी रेकॉर्डिंग घेऊन बसला. कुठलं वाद्य कुठे येतं, कोणता सूर कुणाचा, हे कानानं टिपत त्यानं वडिलांचं काम परत कागदावर उतरवलं. २०१२ मध्ये नवी ‘यामातो’ पडद्यावर आली, ती त्याच ओळखीच्या सुरांवर.

सिरीज कधी बघितली नसेल तरी हेडफोन लावून तो शब्दांशिवायचा आवाज एकदा ऐकाच.